उघड्या पाइपांचं स्वयंपाकघर

आमच्या घरमालकांकडून चाळणी उसनी आणायची तर आधी टोकन द्यावं लागायचं. पितळेचं, रुपयाएवढं, वर भोक पाडलेलं आणि मधोमध आमच्या आडनावाचं पहिलं अक्षर ठोकलेलं. वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायला आलो त्याच दिवशी काकांनी किल्लीबरोबर अशी मूठभर टोकनं माझ्या हातात ठेवली. मला वाटलं, देवाधर्माचं काही असेल. मी ती देव्हाऱ्यात ठेवून दिली. आठवड्यानं मोठं पातेलं मागायला खाली गेले, तेव्हा काकू हळूच म्हणाल्या, "टोकन आणलंस का गं? नाहीतर ते देणार नाहीत." मी वर जाऊन देवापुढचं टोकन घेऊन आले. काकांनी पातेलं दिलं आणि पातेल्याच्या जागी खिळ्याला माझं टोकन अडकवलं. म्हणाले, "आता कुणीबी सांगेल, पातेलं कुठं हाय ते."

काका ओझरच्या विमान कारखान्यात हत्यारांच्या स्टोअरला होते. निफाडकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, विशीत कारखान्यात चिकटला तो केस पांढरे होईपर्यंत तिथंच. आडगाव नाक्याजवळ त्यांनी घर बांधलं तेही कारखान्याची बस दारावरून जाते म्हणून. त्या स्टोअरमध्ये प्रत्येक पान्याची, प्रत्येक पकडीची बाह्यरेषा फळीवर पिवळ्या रंगानं काढलेली असायची. ज्याची त्याची आकृती, ज्याची त्याची जागा. कामगारानं टोकन अडकवायचं, हत्यार न्यायचं, संध्याकाळी परत आणायचं. एखादी आकृती रिकामी राहिली तर त्या दिवशी कुणी घरी जायचं नाही, आणि विमानही जागचं हलायचं नाही. "एक पाना पोटात राहिला तर अख्खं विमान खाली येतं," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलंय की आजही विमान डोक्यावरून गेलं की मला पाना आठवतो.

हे सगळं त्यांनी घरी आणलं होतं. एका संक्रांतीला काकूंच्या हळदीकुंकवाला आलेल्या बायका निघायला लागल्या, तर काका दारात उभे. एक चमचा कमी भरत होता. कुणावर संशय वगैरे काही नाही, उलट आवाजात भारी मार्दव. "ताई, बसा दोन मिनिटं. मोजणी पुरी झाली की शिफ्ट सुटंल." बायका ओटीतली बोरं सावरत परत सतरंजीवर बसल्या. चमचा शेवटी शिऱ्याच्या कढईत, शिऱ्याखाली दबलेला सापडला. काकांनी तो धुतला, पुसला, जागेवर ठेवला आणि जाहीर केलं, "सुटली शिफ्ट." पुढच्या वर्षी हळदीकुंकवाला निम्म्याच बायका आल्या. काकू त्या दिवशी रागानं काकांशी बोलल्या नाहीत, आणि त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

काकू सटाण्याकडच्या. बोलायच्या शहरातल्यासारखं, पण राग आला किंवा फार हसू आलं की त्यांची अहिराणी बाहेर पडायची. ठेंगण्या, ठसठशीत कुंकू, आणि हाताला अशी चव की आमच्या घरात त्यांच्या वांग्याच्या भरताची वाट पाहिली जायची. स्वयंपाकघर हे त्यांचं एकट्याचं राज्य होतं. टोकनं, खिळे वगैरे त्यांनी चालवून घेतलं होतं, पण ओट्यापाशी काकांना पाऊल ठेवू द्यायच्या नाहीत. "तुमचं स्टोअर तिकडं, दारापर्यंत. त्याच्या आत मी."

मग काकूंच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. कळलं तेव्हा उशीर झाला होता. गेलेली नजर परत यायची नाही, उरलेली टिकवायची, एवढंच डॉक्टरांनी सांगितलं. काका तिन्ही त्रिकाळ घड्याळ लावून थेंब घालायचे. तरी दरवर्षी काकूंची नजर कडेकडेनं आत येत गेली. आधी शेजारी उभं असलेलं माणूस दिसेना, मग पायाखालची पायरी दिसेना. काका रिटायर झाले त्या सुमारास काकूंना समोर कुणी हललं तर तेवढं धूसर दिसायचं, आणि उजेड आहे की अंधार हे कळायचं.

एके सकाळी दूध तापवताना त्यांचा पदर पेटला. काका घरातच होते म्हणून पाणी पडलं. पोटाशी थोडं भाजलं, जीव वाचला. पुण्याहून मुलगा रातोरात आला. तो वाईट नव्हता, घाबरला होता. "आई, आता बास. गॅस बंद. घर विकू, दोघं माझ्याकडं चला. तिथं स्वयंपाकाला बाई आहे." काकू पलंगावर भिंतीकडं तोंड करून पडल्या होत्या. तशाच म्हणाल्या, "तठे काय मी नुसती बठी राहू?" मुलाचं मन वळलं नाही. पुढच्या आखाजीला येतो, तोवर काय ते ठरवा, असं सांगून गेला. आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. काकूंच्या माहेराकडं तो दिवाळीएवढा सण.

तो गेला आणि काकांनी स्वयंपाकघर पाडायला घेतलं.

ते दिवस असे होते की ज्याच्या त्याच्या घरी ग्रॅनाइटचा ओटा, फुलाफुलांच्या टाइल्स आणि सनमायकाच्या ट्रॉल्या चालल्या होत्या. समोरच्या बंगल्यात तर गॅसची नळीसुद्धा दिसू नये म्हणून तिच्यावर कपाट बांधलं होतं. काकांनी बरोबर उलटं केलं. स्वयंपाकघर आणि जेवायची खोली यांमधली भिंत काढली, कारण काकूंचा खांदा तिच्यातल्या दाराच्या चौकटीला रोज आपटायचा. वर आधाराला लोखंडी गर्डर टाकला आणि तो तसाच उघडा ठेवून लाल ऑक्साइड मारला. पाण्याचे पाइप भिंतीच्या वरून नेले, गॅसचा पाइप पिवळा, पाण्याचा हिरवा. "झाकलेल्या गोष्टीवर माझा विश्वास नाय. गळायला लागली तर कळणार कशी?" फरशी उखडून सिमेंटचा कोबा केला. अंबडच्या भंगारवाल्यांकडून कारखान्यातले मोठाले, उलट्या परातीसारखे दिवे आणले आणि साखळीनं खाली सोडले. जेवणाच्या टेबलाला पाइपचे पाय आणि वर कुठल्याशा वर्कशॉपमधली सागवानी फळी, तिच्यावर अजून लोखंड आवळून धरायचा शिकंजा बसवायची भोकं होती. गवंडी शेवटी काकुळतीला येऊन म्हणाला, "साहेब, निदान प्लास्टर तरी करू द्या. लोक मला काय म्हणतील?" काका म्हणाले, "नाय. विटा दिसू दे." गवंड्यानं जाताना मला जिन्यात गाठून विनवलं, "वहिनी, हे काम मी केलं असं कुणाला सांगू नका हां."

परवा भाचीच्या नव्या फ्लॅटमध्ये तिच्या इंटिरिअरवाल्यानं मला असंच स्वयंपाकघर अभिमानानं दाखवलं. उघड्या विटा, काळे पाइप, साखळीचे दिवे. म्हणाला, इंडस्ट्रिअल लूक. मी नुसती मान डोलावली. आमच्या गल्लीत त्याला 'कँटीन' म्हणायचे.

पण काकांचा खरा जीव होता तो ओट्यामागच्या भिंतीवर. ती भिंत त्यांनी राखाडी पत्र्यानं मढवली आणि दार लावून घेऊन आठवडाभर आत काम करत बसले. जेवायलासुद्धा मागच्या अंगणात यायचे. काकू तेवढे दिवस आमच्याकडं वर स्वयंपाक करायच्या, म्हणजे मी करायचे आणि त्या मीठ किती ते सांगायच्या. एका दुपारी काका वर आले, अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून. "चला," म्हणाले. "तुम्हीबी या."

भिंतीवर पिवळ्या रंगात झारा, पळी, उलथनं, लाटणं, सांडशी, किसणी, सगळ्यांच्या बाह्यरेषा. इतक्या रेखीव की लाटण्याची मूठ एका बाजूनं झिजलेली होती तीही दिसत होती. प्रत्येक आकृतीत खिळा, खिळ्याला वस्तू. जमिनीवर टेबलापासून ओट्यापर्यंत चालायच्या वाटेच्या दोन पिवळ्या रेघा. डब्यांवर सुवाच्य अक्षरांत नावं. काकांनी काकूंचा हात धरून त्यांना ओट्यापाशी उभं केलं आणि म्हणाले, "बघ. आता तुला काय शोधायला लागायचं नाय."

काकूंनी हात पुढं केला. झारा हाताला लागला. त्यांनी तो काढला, आणि परत अडकवायला गेल्या. हात पत्र्यावरून फिरत राहिला. गुळगुळीत पत्रा, सगळीकडं सारखाच.

"इथं काय आहे?" त्यांनी विचारलं.

"आकृती हाय ना. झाऱ्याची. पिवळी."

काकूंनी पत्रा पुन्हा एकदा चाचपला. मग म्हणाल्या, "अहो, हाई तं नुसतं चित्र शे! मना हातले चित्र दिसस का?"

आणि त्या हसायला लागल्या. इतक्या हसल्या की त्यांना खुर्चीत बसवावं लागलं. मलाही आवरेना. नजर गेलेल्या बायकोसाठी या माणसानं आठवडाभर खपून चित्रं काढली होती, नावं लिहिली होती, रेघा आखल्या होत्या! उभ्या जन्मात त्यांना वस्तूची जागा दाखवायची एकच रीत ठाऊक होती आणि ती त्यांनी मनोभावे केली होती. हसता हसता काकूंच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते हसण्याचं राहिलं नाही. काका कोब्यावर खाली बसले, इस्त्रीच्या शर्टासकट. मला त्या क्षणी त्यांचा रागही आला आणि त्यांना जवळ घ्यावंसंही वाटलं. दोन्ही शक्य नव्हतं, म्हणून मी चहा टाकला.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी मी चाळणी परत द्यायला खाली गेले, तर भर उन्हाळ्यात काकांनी डोळ्यांवर थंडीतला लोकरी मफलर घट्ट बांधला होता आणि ते चहा करत होते. ओट्यावर साखर सांडलेली, चहा कपाच्या बाजूला ओतलेला, हाताच्या बोटाला फडकं गुंडाळलेलं. काकू समोर खुर्चीत बसून सूचना देत होत्या.

"काका, हे काय?"

"बोलू नका. ड्यूटीवर हाय."

तीन दिवस त्यांनी असा स्वयंपाक केला. भात करपला, आमटीत साखर पडली, एक बरणी फुटली. ते सगळं दोघांनी खाल्लं. आणि मग काकांनी एक गोष्ट केली, ती मला वाटतं लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच केली असावी. त्यांनी काकूंना विचारलं, "तुला कसं पाहिजे ते तू सांग."

कारखान्यात इन्स्पेक्टरनं पास केल्याशिवाय साधा खिळाही पुढं जात नसे. काकांनी काकूंना इन्स्पेक्टर नेमलं. आणि काकूंनी त्या नोकरीत कसलीही दयामाया दाखवली नाही. ओट्याच्या कडेला धरायला काकांनी पाइप लावला. काकूंनी हात लावून सांगितलं, "नको." काका विचारायचे, "कारण?" "थंडीत गार लागेल." लगेच पाइपवर सुतळी गुंडाळली गेली. "टोचते." सुतळी गेली, जुन्या सायकलची रबरी मूठ आली. जी वस्तू नापास होई तिच्यावर काका कारखान्यातल्यासारखा लाल पट्टा ओढायचे आणि अंगणात नेऊन टाकायचे. महिनाभरात तुळशीमागं लाल पट्ट्यांच्या लोखंडाचा ढीग झाला. काका तो ढीग येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचे. "इतका कडक इन्स्पेक्टर मी ओझरलाबी नाय पाहिला." इतके खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. आणि काकूही. दिवसभर खालून दोघांची वादावादी ऐकू यायची आणि मला वर बसून ते फार गोड वाटायचं.

पिवळ्या आकृत्यांवर जाड तार वाकवून बसवली, म्हणजे बोट फिरवलं की झारा कुठला, पळी कुठली ते कळावं. डब्यांच्या झाकणांवर सोल्डरचा डाग देऊन नट बसवले, मिठाला एक, साखरेला दोन. शेगडीपुढच्या जमिनीत खवल्याखवल्यांचा लोखंडी पत्रा बसवला. तळव्याला खवले लागले की समजायचं, पुढं आग आहे, पदर खोचा. गरम पातेलं उतरवायला ओट्यावर एक लोखंडी कडं कायमचं ठोकलं. गरम वस्तू त्या कड्यातच, दुसरीकडं कुठंही नाही. हा नियम मला, माझ्या नवऱ्याला, भांडी घासायला येणाऱ्या मावशींना, सगळ्यांना पाठ होता. आणि शेवटी, काकूंच्या हट्टानं, मातीचं खापर उलटं ठेवायला एक तिवई आणि तिच्याखाली मोठी शेगडी.

"खापर कशाला आता?" मी भीत भीत म्हटलं. "साध्या पोळ्या करा ना."

"आखाजीला मांडे नाही केले तर मी कसली सटाण्याची?"

आखाजीला मुलगा एकटाच आला. सून मुलांना घेऊन सणाला माहेरी गेली होती. तो दारात उभा राहून वर गर्डरकडं, पाइपांकडं बघतच राहिला. मग म्हणाला, "पप्पा, हे काय करून ठेवलंय?" काकांनी त्याच्या हातातली बॅग घेतली. टेबलावर त्यानं घराच्या दलालाचं कार्ड ठेवलं, ते बोलून दाखवलं नाही. पण ते सगळ्यांना दिसलं होतं, एक काकू सोडून. आणि मला वाटतं, त्यांनाही.

जेवायला आम्हीही होतो. मांडा मी पहिल्यांदाच होताना पाहिला. पुरण भरलेली सैल कणीक काकूंनी हातावर घेतली, एका हातावरून दुसऱ्या हातावर टाकली, आणि ती वाढत वाढत कोपरापर्यंत आली. मग दोन्ही हात पसरून त्यांनी ती खापरावर अलगद उतरवली. एकदाही चुकल्या नाहीत. ते काम डोळ्यांचं नव्हतंच मुळी. पहिला मांडा उतरला तसा सगळ्या घरात खरपूस वास भरला. मुलगा लहानपणीसारखा ओट्यापाशी जाऊन उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावरची काळजी हळूहळू उतरत होती. काका पाइपला टेकून उभे होते, हाताची घडी घालून, पण ती घडी इतकी आवळलेली की नखं पांढरी पडलेली.

तेवढ्यात मुलानं आईला मदत करावी म्हणून कटाच्या आमटीचं पातेलं उचललं. कडं त्याला काय माहीत? त्यानं ते सोयीच्या जागी ठेवलं, जिथं काकूंची हात भिजवायची पाण्याची वाटी असायची, आणि वाटी सरकवली पलीकडं. काकूंनी पुढच्या मांड्यासाठी बोटं भिजवायला हात टाकला तो सरळ उकळत्या पातेल्याच्या कडेवर.

त्या ओरडल्या. काकांनी त्यांचा हात धरून नळाखाली घातला आणि मुलाकडं वळून असे गरजले की वर साखळीचे दिवे हलल्यासारखे वाटले. "कुणी सांगितलं होतं हलवायला? कुणी?" मुलगा पांढराफटक पडला. आणि मग त्याचंही तोंड सुटलं. "बघा! हेच म्हणत होतो मी! जमत नाही तिला आता! तुम्ही कितीही लोखंड ठोका!"

 नळ चालू होता. खापरावरचा मांडा करपायला लागला होता. काकूंनी ओला हात पदराला टिपला, चाचपून शेगडी बारीक केली आणि मुलाच्या दिशेनं वळल्या. चिडलेल्या अजिबात नव्हत्या.

"त्याला ओरडू नका हो," त्या काकांना म्हणाल्या. मग मुलाला, "तू पाव्हना शे भाऊ. पाव्हनाले काय माहीत, कोठे काय शे?"

"आई, मी पाहुणा?"

"या घरात आता तूच. म्हणून तुझ्या हातून झालं. यांच्या हातून होत नाही, वरच्या पोरीच्या हातून होत नाही." त्यांनी भाजलेल्या बोटांवर फुंकर मारली. "तुझ्या घरी येईन मी. पण तिथं सगळेच पातेली हलवतील. बिचारे मायेनंच हलवतील. आणि तिथं मी पाहुणी, मग मी कुणाला बोलू?"

मुलगा पातेल्यापाशी आला. मग त्यानं पातेलं उचललं आणि विचारलं, "कुठं ठेवायचं?" काकूंनी त्याचा हात धरून कड्यावर नेला. वाटी त्यानं आपणहून जागेवर सरकवली. काकूंनी नवी कणीक हातावर घेतली. आम्ही जेवलो. आमरस होता, मांडे होते, एक करपलेला मांडा काकांनी हट्टानं स्वतःच्या ताटात घेतला. दलालाचं कार्ड कुणी उचललं ते मला दिसलं नाही, पण ताटं उचलली तेव्हा ते टेबलावर नव्हतं.

संध्याकाळी मुलगा निघाला. चपला घालताना तो परत आत गेला, भांड्यांच्या रॅकपाशी थोडा घुटमळला. म्हणाला, "पप्पा, या रॅकचा कोपरा आईला टोचेल. पुढच्या वेळी येताना मी पुण्याहून रबरी पट्टी आणतो."

त्या घरात टोचणारा कोपरा एकही नव्हता. काकांनी एकेक कोपरा कानशीनं घासला होता, मग पॉलिश पेपरनं, आणि शेवटी स्वतःचा गाल लावून तपासला होता, मी पाहिलं होतं. आणि आपल्या कामातली नसलेली खोट या माणसानं साहेबाकडूनही कधी ऐकून घेतली नव्हती. मी श्वास रोखून त्यांच्याकडं बघत राहिले.

काकांनी कोपऱ्यावरून हात फिरवला.

"हां," ते म्हणाले. "लय टोचतो. आण तू. पुढच्या वेळी नक्की घेऊन ये."